पगारातली सरकी

"मधून उघड! मधून! वरचं पान दाखवून मले कायले फसवून राह्यली तू?"

माझ्या झेरॉक्सच्या दुकानात उत्तमराव ग्रेडर ओरडत होते, आणि नेरच्या एसटी स्टँडावर रिव्हर्स घेणारी अमरावती गाडी जागच्या जागी थांबली होती. ड्रायव्हरला वाटलं, मागे कोणी सापडलं.

सापडली होती प्रज्ञा वानखडे. पुण्यात सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेली, चार माणसांना कामाला लावणारी पोरगी. पण उत्तमरावांसमोर चौथीतल्यासारखी उभी. हातात दुबईच्या कंपनीचं ऑफर लेटर, आणि शेजारी तिचे वडील, वानखडे गुरुजी, पेढ्याचा पुडा सोडावा की नाही या विचारात.

"काकाजी, पगार पहिल्याच पानावर लिहिला आहे," प्रज्ञा म्हणाली.

"थेच त म्हणतो मी! गाडीवरचा वरचा थर सगळेच चांगला लावतात. वरून पांढराफेक, आत हात घातला का ओला गोळा! मधून उघड."

तिनं मधून उघडलं. उत्तमरावांनी चौथ्या पानाचा कोपरा अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून चोळला, उजेडाकडे केला, मग वाचला. "हे पाय. दोन वर्षांच्या आत सोडलं त विमानाचं भाडं वापस. घरभाडं तुहं तू. अन् कंपनीनं काढलं त महिन्याभरात देश खाली. माल कोरडा हाये, पण कचरा हाये. दोन नंबर. घरभाड्याचं भांडून घे, मंग सही कर."

"काकाजी, तुम्ही जन्मभर कापूस पाह्यला ना? हे कोडिंग आहे."

"बाई, इकणारा थोच, घेणारा थोच. मधात काय ठेवलं त्यानं काय फरक पडते?"

प्रज्ञानं तिथूनच दुबईला मेल टाकला, घरभाडं मिळालं, आणि पेढ्याचा पुडा सुटला. त्यातले सात पेढे उत्तमरावांनी खाल्ले. त्यांच्या मते चार.

हे उत्तमराव म्हणजे आमच्या नेरचं परराष्ट्र खातं. कोणत्या देशात डेव्हलपरला काय मिळतं, त्यातलं हातात काय उरतं, पाच वर्षांनी तो कुठं असेल आणि त्याचं लग्न होईल की नाही, हे सगळं ते माझ्या दुकानातल्या लाकडी स्टुलावर बसून सांगतात. स्वतः त्यांना कॉम्प्युटर चालू करता येत नाही. एकदा माझा बंद करायला सांगितला, तर त्यांनी दुकानाचं मेन स्विच पाडलं.

पस्तीस वर्षं ते यवतमाळ रोडवरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, कापसाचे ग्रेडर होते. कापसाची गाडी आली की ते ढिगात खांद्यापर्यंत हात घालत, मधली मूठ काढत, दोन अंगठ्यांमध्ये तंतू ताणून लांबी बघत, सरकी दाताखाली फोडत. सरकी कट्‌ वाजली तर माल कोरडा. दबली तर ओला. ग्रेड मोजायचं मशीन नंतर आलं. पहिल्या दिवशी मशीनचा आणि काकांचा आकडा जुळला नाही, तेव्हा मालकानं मिस्त्री बोलावून मशीन दुरुस्त करून घेतलं. डोळे बांधून हातात बोंड दिलं तर काका गाव सांगत, शेतकऱ्याचं नाव सांगत, आणि मनात आलं तर वेचणाऱ्या बाईचं माहेरही सांगत. मी हे स्वतः पाहिलेलं नाही, पण इतक्या वेळा सांगितलं आहे की आता पाहिल्यासारखंच झालं.

त्यांची एक रीत होती. माल पाहताना ते गाडीवाल्याचं तोंड पाहत नसत. "तू गाडीच्या मागं उभा राह्य," असं सांगून पाठ करत. कोणी आजारी बायकोचं सांगू लागलं तर म्हणत, "बायकोले माहा नमस्कार सांग, पण कापूस तिचा नाही, झाडाचा हाये." याच रीतीत एकदा त्यांनी एका गाडीला दोन नंबर दिला आणि वळून पाहिलं तर मागं त्यांचे सासरे उभे. सासऱ्यांनी जावयाला नमस्कार केला आणि गाडी दुसऱ्या जिनिंगमध्ये नेली. सुमनकाकू, म्हणजे उत्तमरावांच्या पत्नी, आजही दर पोळ्याला पुरणपोळी वाढताना पहिली पोळी उलटून बघतात आणि म्हणतात, "घ्या, दोन नंबरची हाये." पण मुद्दाम कोणाचा माल पाडला, म्हणजे चांगल्याला वाईट म्हटलं, किंवा वाईटाला चढवला, असं काकांबद्दल त्यांच्या शत्रूनंही कधी म्हटलं नाही. आणि शत्रू पुष्कळ होते.

मुलगी रोशनी इंजिनिअर होऊन जर्मनीत हॅम्बुर्गला गेली, तेव्हापासून काकांनी कापसातली सगळी अक्कल परदेशी पगाराकडे वळवली. त्यांचा सिद्धान्त एकदा ऐकला की माणूस पुन्हा साध्या डोळ्यांनी पगाराकडे पाहू शकत नाही.

"पगार म्हणजे कापूस," ते सांगतात. "कंपनी सांगते थो आकडा कापसाचा. तुह्या हातात येते ते रुई. मधातली सरकी सरकार काढून घेते. आता कापसात तीन हिश्शांतला एकच हिस्सा रुई, दोन हिस्से सरकी. म्हणजे जगातलं कोणतंही सरकार कापसापेक्षा बरं!"

"पण जर्मनीत टॅक्स फार म्हणतात, काकाजी," एखादा पोट्टा विचारतो.

"फार हाये. सरकी लय काढतात. पण सरकीची ढेप, म्हणजे पेंड, करून तुह्याच गोठ्यात टाकतात! दवाखाना, लेकराची शाळा, नोकरी गेली त वर्षभर अर्ध्याहून जास्त पगार. ढेप नाही त काय हाये थे? आता अमेरिका पाय. रुईचा उतारा फस्कलास. पण ढेप इकत घ्या लागते. एक दात दुखला का अर्धी गाडी खाली. अन् दुबई म्हणजे सरकी नसलेलं बोंड. पण वावर तुह्या बापाचं नाही. मालक म्हणला निघ, का निघा."

तंत्रज्ञानाबद्दलही त्यांची मतं पक्की. जावा म्हणजे तूर: कोणी कौतुक करत नाही, पण घरात असली की वरणाची चिंता नाही. वेबसाइटची कामं म्हणजे भाजीपाला, सकाळी विकलं नाही तर संध्याकाळी गाईला. आणि हे नवीन एआय म्हणजे सोयाबीन. "शेजाऱ्यानं पेरलं म्हणून सगळ्या गावानं पेरलं. निघालं त निघालं. पण पेरणाऱ्यानं वावराच्या धुऱ्यावर तुरीची एक ओळ टाकूनच ठेवावं." हे ऐकून बंगलोरचा एक पोट्टा रात्रंदिवस जावा शिकला आणि आज आयर्लंडमध्ये आहे. त्यानं काकांना थँक्यूचा मेल पाठवला. काकांनी मला त्याची प्रिंट काढायला लावली आणि मधून घडी घालून खिशात ठेवली. धोतर धुताना सदराही धुतला गेला आणि मेल गेला. काकूंवर आठ दिवस अबोला.

तीन वर्षांपूर्वी रोशनीनं दोघांना तीन आठवड्यांसाठी हॅम्बुर्गला नेलं. त्या प्रवासाचं वर्णन नेरमध्ये ज्यानं ऐकलं नाही असा माणूस नाही. असलाच तर तो बहिरा आहे, आणि त्यालाही काकांनी हातवारे करून सांगितलं आहे. तिथल्या एका मोठ्या कपड्याच्या दुकानात काकांनी शर्टाच्या शिवणीतून एक धागा उपसला, अंगठ्यांमध्ये उकलून ताणला आणि विकणाऱ्या बाईला मराठीत सांगितलं, "बाई, आखूड धाग्याचा हाये. एका धुण्यात पोट्ट्याच्या मापाचा होईन." काकांच्या म्हणण्याप्रमाणे बाईनं तिथल्या तिथं किंमत उतरवली. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे बाईनं गार्ड बोलावला.

पण त्या प्रवासातली खरी गोष्ट वेगळीच. रोशनी त्यांना एक दिवस ऑफिसात घेऊन गेली. काचेच्या भिंतीबाहेर खुर्चीवर बसवलं. आत रोशनी फळ्यासमोर उभी, आणि समोर अकरा माणसं बसलेली. त्यातला एक पांढऱ्या दाढीचा, काकांपेक्षाही वयानं मोठा वाटावा असा गोरा गृहस्थ उठला आणि काहीतरी विचारू लागला. रोशनीनं ऐकून घेतलं, विचार केला आणि मान हलवून नाही म्हटलं. तो "बरं" म्हणून खाली बसला.

"खाली बसला, सुध्या!" काका मला सांगतात, आणि दर वेळी स्वतः उठून खाली बसून दाखवतात. "पांढऱ्या दाढीचा माणूस! माह्या पोरीनं नाही म्हटलं अन् थो बसला! बातच नाही!" या गोष्टीतली दाढी दर वर्षी दोन इंच वाढते. सध्या ती बेंबीपर्यंत आली आहे.

आता मागच्या हिवाळ्याची हकिकत. काका मोपेडवर कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला निघाले होते. वाटेत रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला. सुरुवातीला तो रोह्याएवढाच होता. आता तो हत्तीएवढा आहे. काका पडले. उजवा हात मोडला, आणि तोंडाची उजवी बाजू अशी सोलली की काकू म्हणाल्या, "आता सासऱ्याची बरोबरी झाली. तुमालेही दोन नंबर भेटला."

रोशनीला सांगायचं नाही, असा काकांचा हुकूम. महिनाभर व्हिडिओ कॉलवर त्यांनी तोंडाची फक्त डावी बाजू दाखवली. "बाबा, तुम्ही अर्धेच काहून दिसता?" तिनं विचारलं. "इकडे नेटच अर्धं येऊन राह्यलं," हे म्हणाले. शेवटी मागून काकूंचा आवाज गेला, "अहो, प्लास्टर नका ना वलं करू!" आणि तिकडे हॅम्बुर्गला सगळं कळलं.

पंधरा दिवसांनी रोशनीचा मला फोन आला. "सुधाकरदादा, एक काम आहे, आणि ते तुम्हीच करू शकता." नेरच्या झेरॉक्सवाल्यावाचून हॅम्बुर्गचं अडलं, हे ऐकून माझी छाती शटरला लागली.

काम असं. तिच्याजवळ दोन पत्रं होती. एक तिच्याच कंपनीचं: अकरा माणसांऐवजी चाळीस माणसांची प्रमुख, पण मग निदान पाच वर्षं तिथून हलायचं नाही. दुसरं नागपूरच्या एका कंपनीचं, जे तिनं काकांच्या प्लास्टरनंतर अर्ज करून मिळवलं होतं. आठवड्यातून एक दिवस नागपूर, बाकी दिवस नेरच्या घरून काम. शुक्रवारपर्यंत दोन्हीकडे उत्तर द्यायचं.

"बाबांना सरळ विचारलं तर ते 'तिथंच राह्य' म्हणतील," ती म्हणाली. "म्हणून नावं झाकून द्या. नाव झाकलेल्या मालाला बाबा खोटं बोलत नाहीत. ते ज्याला एक नंबर देतील तिथं मी सही करते. आईला मी सांगून ठेवलंय."

तिनं दोन्हीकडचे पगार, भाडं-बिडं वजा जाता हातात उरेल तेवढे, रुपयांत लिहून पाठवले होते. मी प्रिंटा काढल्या, कंपन्यांची नावं आणि गावं काळ्या मार्करनं बुजवली. हॅम्बुर्गला लाल टाचणी लावली, नागपूरला निळी. आणि झेरॉक्सवाल्याच्या धर्माप्रमाणे दोन्ही अथपासून इतिपर्यंत वाचली. खोटं कशाला बोलू, इतकी वर्षं काकांच्या स्टुलाशेजारी बसून मलाही थोडी सरकी फोडता येते. निळा माल चोख एक नंबर होता. पगार कमी, पण राहणं घरचं, म्हणून हातात जवळजवळ तेवढंच. पहिल्या दिवसापासून प्रमुखपद, कंपनीत वाटा, आणि चौथं पान आरशासारखं स्वच्छ. लाल मालही चांगला, पण त्याच्या चौथ्या पानावर शनिवार-रविवारी बोलावलं तर यावं लागेल, असा थोडा कचरा होता. पोरगी येते नेरला, असं मी मनात धरून टाकलं.

गुरुवारी दुपारी काका आले. मागोमाग काकू आल्या, आधार कार्डाला लॅमिनेशन करायला म्हणून. तेच कार्ड मी गेल्या महिन्यात लॅमिनेट केलं होतं. मी त्यावर दुसरा थर चढवू लागलो.

"काकाजी, दोन लेटरं हायेत. एकाच मुलीची. नाव झाकून हाये."

"असं पाह्यजे!" काका खूश झाले. नुकतंच प्लास्टर निघालेला हात त्यांनी सदऱ्याला पुसला. "तोंड पाहून ग्रेड देनारा ग्रेडर नाही, सोयरा असते."

लाल टाचणीचं पत्र त्यांनी मधून उघडलं. कोपरा चोळला. वाचता वाचता त्यांचे ओठ हलायचे थांबले. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. नाव बुजवलं होतं, पण खाली लिहिलं होतं: सध्या अकरा जणांच्या गटाचं नेतृत्व. ते मी तसंच सोडलं होतं.

काकांनी निळं पत्र घेतलं. मधून उघडलं. चौथ्या पानावर सुट्ट्यांची यादी होती. त्यांचं बोट एकेका सुट्टीवरून खाली गेलं आणि एका ओळीवर थांबलं. तान्हा पोळा. लहान लेकरांच्या लाकडी बैलांच्या सणाला सुट्टी देणारी सॉफ्टवेअर कंपनी जर्मनीत असेल काय? गाव मी बुजवलं होतं. सण उघडा राहिला होता.

बोट हललं नाही. स्टँडावर दोन गाड्या लागल्या आणि सुटल्या. मग काकांनी मान वर करून काकूंकडे पाहिलं. काकू लॅमिनेशनच्या मशीनकडे पाहत होत्या.

"लाल, एक नंबर," काका म्हणाले.

"आणि निळा?"

"कवडी."

कवडी म्हणजे डागाळलेला, किडका, पिवळा पडलेला कापूस. गाडी वापस ने, असं सांगायची ग्रेडरची रीत. मी भडकलो. "कवडी? काकाजी, चौथं पान पुन्हा पाहा! कचरा नाही, ओलावा नाही, कंपनीत वाटा देतात..."

"ग्रेडर कोन हाये बे?" काका असे ओरडले की पलीकडच्या पानठेल्यावरचा माणूस सुपारी गिळून बसला. "तू का मी? कवडी म्हटलं त कवडी! लाव फोन त्या पोरीले, जिची हाये तिले!"

मी फोन लावला. रोशनी पहिल्याच रिंगला बोलली. मी निकाल सांगितला. तिनं मला तो पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाली, "कवडी? बाबांनी नीट पाहिलं ना? दादा, फोन आईला द्या."

मी फोन स्पीकरवर करून काकूंपुढे धरला.

"आई, खरं सांग. बाबांना कळलं का ते कोणाचं होतं?"

 काका रस्त्याकडे तोंड करून उभे होते, पाठ आमच्याकडे.

"तुह्या बापाले काय कयते, पोरी?" काकू म्हणाल्या. "पान पाह्यलं अन् ग्रेड सांगतली. ह्या मानसानं खोटा ग्रेड कधी देल्ला नाही. चाळीस मानसं हायेत म्हनतात. सही करून टाक. अन् जेवली काय?"

"जेवते," रोशनी म्हणाली. आणि मग, "करते सही."

फोन ठेवला न ठेवला तोच काका स्टँडावर. "ओ कंडक्टर! माही पोरगी! चाळीस मानसांची मालकीन झाली! चाळीस! जर्मन!" कंडक्टरनं डबल बेल मारायची सोडून हात जोडले. वानखडे गुरुजींना बोलावणं गेलं, पेढे आले, आणि काकांनी स्टँडावरच्या प्रत्येक गाडीत चढून वाटले. यवतमाळ गाडीत चाळीस माणसं सांगितली. दारव्हा गाडीत साठ झाली. संध्याकाळच्या कारंजा गाडीतल्या लोकांना अजूनही वाटतं की नेरच्या एका पोरीनं जर्मनी चालवायला घेतली. उन्हाळ्यात येऊन जाईन असं रोशनीनं कळवलं, तर काकांनी उत्तर पाठवलं, "काम सोडून येजो नको." माझ्याच मोबाईलवरून पाठवलं. चार वेळा खोडून लिहिलं.

मी सांगतो, त्या माणसाचा गर्व खोटा नव्हता. त्या आठवड्यात त्यांची छाती एवढी फुगली की सदऱ्याचं एक बटण उडून माझ्या काउंटरवर पडलं. ते मी जपून ठेवलं आहे, विश्वास नसेल त्यानं येऊन पाहावं. दाढीवाल्या गोऱ्याचे आता दोन झाले होते, आणि दोघेही उठून बसत होते.

पुढच्या मंगळवारी दुपारी दुकानात कोणी नव्हतं. काका स्टुलावर बसले होते. आज कोणाचं लेटर आलं नव्हतं, आणि कोणावर ओरडायचं नव्हतं. मी शाईची पावडर भरत होतो. तोंडात आलेलं मला ठेवता येत नाही, हे गावाला ठाऊक आहे.

"काकाजी," मी म्हटलं, "तो निळ्या टाचणीचा माल कवडी नव्हता. एक नंबर होता. पस्तीस वर्षांत तुम्ही कोणाचा माल पाडला नाही, आणि हा पाडला."

"हो," काका म्हणाले. "चाय सांग."